माजघरातली टाकी

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर लाल टाक्या पोचू लागल्या. डांबरी रस्ता संपला की एजन्सीचा टेम्पो थांबायचा. तिथून पुढं टाकी खांद्यावर. आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. चढाच्या पायवाटेनं ती वर न्यायची म्हणजे घाम निघायचा. पण बाया आनंदानं वाटेवर उभ्या असायच्या. पाऊसकाळात ओल्या लाकडांचा धूर ज्यांनी जन्मभर डोळ्यांत घेतला, त्यांनाच त्या आनंदाची किंमत कळेल.

एजन्सीचे जुने मेकॅनिक आबा आणि त्यांच्या हाताखालचा दिगू ही जोडी त्या भागात टाक्या बसवत फिरायची. दिगूचा हात चलाख होता. टोपण काढलं, रेग्युलेटर बसवला, नळी चढवली, शेगडी पेटवून दाखवली की पाच मिनिटांत तो पुढच्या घरी. आबांना एका घराला अर्धा-पाऊण तास लागायचा. दिवसाला ठरलेली घरं व्हायची नाहीत म्हणून एजन्सीतून फोन यायचे, आणि ते फोन दिगूला घ्यावे लागायचे. त्यानं त्यावर तोड काढली. घरात शिरतानाच तो कार्डावर बाईची सही घेऊन ठेवी. ‘सर्व माहिती समजावून सांगितली, गळती तपासली’ असं त्या कार्डावर छापलेलं असतं. त्याखाली सही, आणि तपासणी मागाहून.

एका वाडीत सासू-सुनेचं घर लागलं. घरधनी नवी मुंबईत, वाशीच्या बाजारात माथाडी. त्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांचा कर्ता पुरुष असाच मुंबईकडं असतो आणि गौरी-गणपतीला घरी येतो. घराची मांडणीही त्या बाजूची नेहमीची: पुढं पडवी, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर, मधल्या भिंती कुडाच्या. सुनेनं चुलीशेजारची जागा सारवून त्यावर पाट मांडून ठेवला होता. शेगडी ठेवायला.

आबा पाटाकडं बघून म्हणाले, “पोरी, शेगडी जमिनीवर न्हाई बसवायची. टाकीपेक्षा शेगडी उंच पायजे.”

“आवो पर बसूनच सैपाकाची सवय हाय. उभ्यानं भाकरी थापायची कशी?”

“थापायची बसून, भाजायची उभ्यानं.”

आणि त्यांनी कारण सांगितलं. सगळ्या घरांत ते कारण सांगत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो आणि सखल जागा बघून साचतो. टाकीत तो दाबाखाली पातळ होऊन बसलेला असतो आणि बाहेर आला की सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. शेगडीची ज्योत जमिनीवर असेल, तर साचलेला गॅस आपण होऊन ज्योतीपाशी चालत जातो. म्हणून टाकी जमिनीवर, उभी, आणि शेगडी वर.

मागच्या अंगणात दगड होते, शेजारच्या घरी कडप्प्याची एक फरशी पडून होती. तासाभरात अडीच फुटांचा कट्टा उभा राहिला. दिगू दगड वाहत होता आणि मनात उरलेली घरं मोजत होता. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पुढच्या घरीही बाया वाट बघत होत्या. कट्टा कुठं घालायचा यावरही आबांनी वेळ घेतला. खिडकीच्या समोर नको, वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस वाहत राहतो. मोरीजवळ नको, ओलीनं टाकीचं बूड गंजतं आणि गळलेला गॅस मोरीत उतरून बसतो. चूल ज्या भिंतीला आहे तिथं नको. चूल तर आता पडवीतच न्यायची, एका खोलीत दोन्ही पेटवायची नाहीत. फिरून फिरून त्यांनी मागच्या दाराशेजारची भिंत पसंत केली. दार उघडं टाकलं की खालून हवा सरळ अंगणात जात होती.

मग त्यांनी विचारलं, “रातच्याला कोन कुठं झोपतंय?”

छापील कार्डावर हा प्रश्न नाही. माझ्या मते तो असायला हवा.

म्हातारी म्हणाली, “मी हितं माजघरात. देवाच्या फडताळाखाली, भुईवरच.” आणि मग हसून, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, “धुरानं नाक गेलंया माझं, लेकरा. दूध करपलं तरी कळत न्हाई.”

आबा थांबले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. शंभर भाग हवेत दोनेक भाग गॅस झाला की एक ठिणगी पुरते, पण वास त्याच्या पाचव्या हिश्शालाच यायला लागावा, इतकं ते रसायन घातलेलं असतं. म्हणजे आपल्या घराची राखण शेवटी कुणाच्या तरी नाकावर अवलंबून असते. इथं घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला नाकच नव्हतं, आणि ते माणूस झोपत होतं जमिनीवर.

“मग पोरी, तुझं नाक आनि तुझा हात, ह्या दोनच गोष्टी,” आबा सुनेला म्हणाले. “टाकी कट्ट्याच्या खाली उघडीच राहू दे. पडदा लावू नको, पोतं टाकू नको. सैपाक झाला की नुसतं शेगडीचं बटन न्हाई, हा रेग्युलेटरबी बंद करायचा. वाकलं की हात पोचतोय का बघ.”

सुनेनं वाकून बघितलं. हात पोचत होता.

मग एका वाटीत साबणाचं पाणी झालं. आबांनी टाकीच्या तोंडातलं काळं वायसर बोट फिरवून बघितलं, रेग्युलेटर चढवला, नारिंगी नळी दोन्ही टोकांना पार आतपर्यंत दाबून बसवली. नळीवर छापलेली तारीख सुनेला वाचायला लावली. पाच वर्षांनी ही बदलायची. ही नळी दीड मीटरच असते आणि तेवढीच ठेवायची. दोन तुकडे जोडायचे नाहीत, भिंतीतून न्यायची नाही, कशाखाली झाकायची नाही. मग चिंधीनं साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावलं. सून डोळे बारीक करून बघत होती. एकही बुडबुडा आला नाही. काही लोक काडी पेटवून गळती शोधतात, आणि दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदाही शोधतात. याहून भयंकर खात्री दुसरी नसेल.

निघताना आबांनी तिच्याकडून वदवून घेतलं. वास आला तर आधी काय? माणसं बाहेर. मग? काडी नाही, दिवा लावायचा नाही आणि लागलेला असला तर विझवायचाही नाही, कारण बटणात ठिणगी पडते. मग? रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, टाकीवर दोऱ्याला बांधलेलं टोपण दाबून बसवायचं. मग बाहेर लांब येऊन १९०६ ला फोन. दिगू उंबऱ्याबाहेर चपला घालून उभा होता.

पुढच्या वर्षी दिगू एकटा फिरू लागला. गौरी-गणपतीच्या आधी तो त्याच वाडीत टाक्या पोचवायला आला, तेव्हा घरधनी मुंबईहून आलेला होता. येताना त्यानं स्टीलचं कपाट आणलं होतं. ते उभं करायला एकच भिंत मोकळी दिसत होती: मागच्या दाराशेजारची.

“दिगूभाऊ, ही शेगडी आतल्या अंगाला सरकवून दे की. आणि टाकी माजघरात टाकू. पाहुणं येत्यात, तिथं लाल टाकी बरी दिसत न्हाई.”

दिगूला काम दिसलं, चहा दिसला, आणि बायकोच्या माहेरची माणसं यायच्या आत घर नीट लावू बघणारा एक माणूस दिसला. त्यानं बाजारातून दहा फूट हिरवी रबरी नळी आणली. नारिंगी नळी एवढ्या लांबीची मिळतच नाही, यात काही अर्थ असेल असं त्याच्या मनात आलं नाही. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कुडाला भोक पाडलं. माजघराच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीच्या पलीकडं, एका जुन्या लाकडी पेटाऱ्यात टाकी बसवली आणि झाकण लावलं. नळी कणगीच्या मागून नेऊन कुडातून पलीकडं काढली. शेगडी पेटवली. निळी ज्योत आली. साबण लावायचा राहिला. घरधन्यानं शंभराची नोट त्याच्या खिशात घातली.

सून एवढंच म्हणाली, “भाऊजी, आबांनी नळी भिंतीतनं न्यायची न्हाई म्हनून सांगितलं होतं.”

“आबांचं काय घेऊन बसलाय वहिनी, जुनी मान्सं ती.”

शहरातल्या सुशिक्षित घरांतही हेच चालतं, फक्त पेटाऱ्याच्या जागी ट्रॉली असते. चकचकीत लाकडी दारांमागं टाकी बंद करून ठेवतात, त्या कपाटाला खाली आणि वर हवेला जागा ठेवत नाहीत, आणि नळीवरची तारीख बघायची तर आधी तेलाचे डबे काढावे लागतात. पैसे खर्चून लोक स्वतःच्या घरात धोका दिसणार नाही अशी सोय करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सुतार आणि घरमालक दोघंही चांगल्या मनानंच ते करत असतात.

त्या घरात पुढं काय झालं, तर पहिल्यांदा काहीच झालं नाही. पण एक सवय मोडली. पूर्वी स्वयंपाक झाला की सून वाकून रेग्युलेटर बंद करी. आता टाकी दुसऱ्या खोलीत, पेटाऱ्यात, झाकणाखाली. सुरुवातीला ती आठवणीनं जाऊन झाकण उघडून बंद करायची. मग झाकणावर गोधड्यांची चळत आली. मग फक्त रात्री. मग फक्त गावाला जाताना. शेगडीचं बटण बंद केलं की काम भागत होतं आणि शेतात भात उभं होतं. तिला आळशी म्हणणाऱ्यानं एकदा भातकापणीच्या दिवसांत बाईचं काम मोजावं. हाताशी असतं ते माणूस बंद करतं. आबांनी टाकी तिच्या हाताशी ठेवली होती, दिगूनं ती लांब नेली.

दिवाळी झाली. नवं भात कणगीत आलं, आणि भातामागं उंदीर आले. नारिंगी नळीच्या पोटात पोलादी तारेचं वेष्टण असतं, हिरवीत नव्हतं. सकाळी शेगडीचं बटण बंद करून सून शेतावर गेली. रेग्युलेटर चालूच होता, म्हणजे नळी गॅसनं भरलेली होती.

दिवस मावळायच्या वेळेला ती गवताचा भारा घेऊन अंगणात आली, भारा टाकला आणि जागीच थबकली. वास. पडवीच्या पायरीपर्यंत येत होता. दारातून तिला माजघरातली सासू दिसली, देवाच्या फडताळापुढं उकिडवी बसलेली. निरांजनात वात घातली होती. आगपेटी हातात होती.

“आत्या! काडी वढू नका!”

म्हातारीनं मान वळवली. “काय गं? दिवा लावाया नको व्हय, येरवाळी?”

सून तोवर तिच्याजवळ पोचली होती. आगपेटी तिच्या मुठीतून काढून घेतली, दंडाला धरून उठवलं आणि पायऱ्या उतरवून तिला अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली नेऊन बसवलं. शेजारचा पोरगा धावत आला आणि भिंतीवरच्या बटणाकडं हात नेऊ लागला, त्याला ती ओरडली, “दिवा लावू नको, भाईर व्हो!” शेजारणीच्या पडवीत चूल पेटली होती. तिला सांगून लाकडं ओढून त्यावर पाणी मारायला लावलं. मग पदर नाकाला लावून ती आत गेली. गोधड्यांची चळत ढकलली, झाकण उघडलं, रेग्युलेटर फिरवला, तो उतरवून टाकीवर टोपण दाबलं. मागचं दार सताड उघडलं. कपाटामुळं ते निम्मंच उघडत होतं, म्हणून तिनं खांदा लावून कपाट सरकवलं. आबांनी वदवून घेतलेलं सगळं तिला क्रमानं आठवलं. बाहेर, चिंचेच्याही पलीकडं जाऊन तिनं १९०६ लावला.

एजन्सीला निरोप पोचला. आबांनी मोटरसायकल काढली आणि दिगूला मागं बसवलं. वाडीचं नाव ऐकल्यापासून दिगू बोलत नव्हता. घाट चढताना त्यानं आबांच्या पाठीमागून सगळं सांगितलं: कपाट, पेटारा, हिरवी नळी, शंभराची नोट. आबांनी वेग कमी केला नाही आणि बोललेही नाहीत.

ते पोचले तोवर घर मोकळं झालं होतं. त्या रात्री कुणी दिवा लावला नाही. टाकी अंगणाच्या कडेला राहिली, सासू-सून शेजारी झोपल्या, आणि हे दोघं चिंचेखाली.

सकाळी उन्हात, मोकळ्या अंगणात आबांनी टाकीला तीच हिरवी नळी जोडली आणि तिचं मोकळं टोक घट्ट दुमडून बांधलं. वाटीत साबण केला आणि वाटी दिगूच्या हातात दिली. दिगू वीतवीत पुढं सरकत चिंधी फिरवत गेला. सहाएक फुटांवर, जिथं नळी कणगीला टेकत होती तिथं, आधी एक बुडबुडा फुगला, मग त्याच्याशेजारी दुसरा, मग भराभर फेसच वर येऊ लागला. जवळून बघितलं तर दोन बारीक दातांच्या खुणा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. आबांनी लगेच रेग्युलेटर बंद केला.

म्हातारी शेजारी येऊन वाकून बघत होती. “एवढंच?” ती म्हणाली. “आनि मी तर हितंच झोपते रे लेकरा, त्या पेटीच्या अंगालाच. तुला ठावं न्हवतं?”

ठाऊक होतं. आबांनी विचारलं तेव्हा दिगू तिथंच उभा होता, हातात दगड घेऊन. त्यानं ते ऐकलं होतं. पण त्या वेळी ते त्याला कामातलं वाटलं नव्हतं, म्हातारीचं बोलणं वाटलं होतं.

“मला ठावं होतं, आज्जी,” दिगू म्हणाला. त्यानं खिशातून शंभराची नोट काढून सुनेपुढं धरली. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, “त्याची नारिंगी नळी आना. आनि कपाट हलवायला हात लावा.”

कपाट माजघरात गेलं, जिथं पेटारा होता तिथं. कट्टा जागेवरच होता, नुसता कपाटामागं दडला होता. कुडाचं भोक सुनेनं शेणमातीनं लिंपलं. दिगूनं टाकी कट्ट्याखाली उभी केली, तिच्या गळ्यालगतच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल मोठ्यानं वाचलं. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती तारीख उलटलेली टाकी घ्यायचीच नाही, हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. नळी दोन्ही टोकांना पार दाबली. मग कार्ड काढलं आणि सवयीनं पेन पुढं केलं.

“आधी साबन,” सून म्हणाली.

चिंधी तिनं स्वतः फिरवली. टाकीच्या तोंडाशी, रेग्युलेटरच्या जोडाला, शेगडीच्या नळाला. मग नळीच्या पूर्ण लांबीला, वरून आणि खालून. आबा भिंतीला टेकून बघत होते. वाकून रेग्युलेटर एकदा बंद करून, एकदा चालू करून तिनं हात पोचतोय याची खात्री केली, आणि मग हात पुसून सही केली.

कार्ड परत देताना ती म्हणाली, “आबा, खालच्या आळीला माझ्या जावंच्या घरात नळी कपाटाच्या पाठीमागनं गेलीया. वरच्या अंगाला एकीनं टाकी मोरीत उभी केलीया, घासायला बरी पडती म्हनून. आनि शाळंपाशी त्या नव्या घरात शेगडी खालीच हाय, टाकीच्या शेजारी.”

आबांनी दिगूकडं बघितलं. दिगूनं पाने उचलले, वाटीत उरलेलं साबणाचं पाणी सांडू नये म्हणून ती दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, “वहिनी, आधी कुठलं घर जवळ पडतंय?”

“जावंचं,” ती म्हणाली आणि पदर खोचून पुढं निघाली.